शनिवारची कर्जत लोकल

भांडुपच्या टेकडीवर आमची एक खोली, माणसं चार. नवऱ्याशी भांडायचं तेही कुजबुजत. गेल्या वर्षी त्याची नोकरी गेली आणि बोलणंच थांबलं.

एका शनिवारी सासूबाईंनी पोळीभाजीचा डबा आणि पाचशेची नोट हातात ठेवली. "दोघं फिरून या. छोटीला मी बघते."

ठाण्याहून कर्जत लोकलने नेरळ. १९०७ सालापासूनच्या माथेरानच्या छोट्या गाडीचं तिकीट मिळालं नाही. शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका, पुढे गाड्यांना बंदी. लाल मातीतून चालताना तो एकदम मोठ्याने रडला. घरी रडायलाही जागा नव्हती ना!

नोकरी अजून नाही. पण रात्री मी भांडी घासते, तो विसळतो. आणि आम्ही बोलतो.