बॅकस्पेसची कसोटी

हौसेखातर स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला बसलेल्या माणसाला पहिला खरा आनंद होतो तो पडद्यावर एक अक्षर उमटतं तेव्हा. जुन्या पद्धतीच्या पीसीवर ते फारसं अवघडही नसतं. ८० रकाने आणि २५ ओळींच्या मजकुरी पडद्याची मेमरी ठरलेल्या पत्त्यावर असते. तिथे एक बाइट लिहिला की अक्षर दिसतं आणि त्याच्या शेजारच्या बाइटने रंग ठरतो. मग कीबोर्ड जोडला जातो. की दाबली, अक्षर आलं. पुढे हात सवयीने बॅकस्पेसवर जातो आणि लक्षात येतं, की टर्मिनल अजून लिहायचंच आहे.

अक्षर दाखवायचं तर एकट्या पडद्याशी काम असतं. ते खोडायचं तर दोन ठिकाणी खोडावं लागतं, पडद्यावर आणि कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या, बफरमध्येही. एका ठिकाणी गेलं आणि दुसऱ्या ठिकाणी राहिलं, तर माणसाला दिसतं एक आणि मशीन वाचतं दुसरंच. ही फारकत होऊ न देणं, हेच टर्मिनलचं मुख्य काम.

अशा हौशी कामांतलं सगळ्यात गाजलेलं काम टर्मिनलपासूनच सुरू झालं. १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या ३८६ पीसीवरून विद्यापीठाच्या संगणकाशी जोडलं जाण्यासाठी एक टर्मिनल एम्युलेटर लिहिला. त्यात दोन कामं आलटून पालटून चालायची. एक कीबोर्डवरचं मोडेमला द्यायचं, दुसरं मोडेमकडून आलेलं पडद्यावर टाकायचं. त्यातूनच पुढे लिनक्स वाढलं. त्या सप्टेंबरातल्या ०.०१ आवृत्तीत टर्मिनलसाठी तीन रांगा दिसतात. पहिल्या रांगेत कीबोर्डवरून आलेला कच्चा माल, दुसरीत खाडाखोड होऊन तयार झालेली ओळ आणि तिसरीत बाहेर जाणारा मजकूर. आजही हा विषय शिकणाऱ्याला हीच विभागणी समजून घ्यावी लागते.

हे सगळं थोडक्यात पाहायचं तर एमआयटीची एक्सव्ही६ ही छोटी सिस्टीम उघडावी. २००६ साली ती विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहिली गेली आणि तिची बांधणी १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीवर बेतलेली आहे. तिच्या कन्सोलच्या फाइलमध्ये १२८ बाइटांचा एक गोलाकार बफर आणि तीन खुणा आहेत. ‘ई’ म्हणजे टायपिंग कुठवर आलंय, ‘डब्ल्यू’ म्हणजे कुठवरचा मजकूर पक्का झालाय आणि ‘आर’ म्हणजे प्रोग्रॅमने कुठवर वाचलंय.

की दाबली की इंटरप्ट येतो. कर्नल अक्षर बफरमध्ये ठेवतो, ‘ई’ एक घर पुढे सरकवतो आणि तेच अक्षर पडद्याकडे पाठवतो. आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम, म्हणजे शेल, या वेळी झोपलेला असतो, त्याला यातलं काहीच कळत नाही. एंटर दाबल्यावर ‘डब्ल्यू’ला उचलून ‘ई’पाशी आणलं जातं आणि शेलला जागं केलं जातं. तोवर ‘डब्ल्यू’ आणि ‘ई’ यांच्या मधला मजकूर टाइप करणाऱ्याच्या मालकीचा असतो. बॅकस्पेस आला की कर्नल एकच गोष्ट तपासतो, या दोन खुणा एकाच जागी आहेत का? असल्या, तर खोडण्यासारखं काही नाही. नसल्या, तर ‘ई’ एक घर मागे येतो आणि पडद्याकडे तीन गोष्टी जातात: एक पाऊल मागे, एक रिकामी जागा, पुन्हा एक पाऊल मागे. ओळीच्या सुरुवातीला कितीही वेळा बॅकस्पेस दाबला तरी प्रॉम्प्टचं डॉलरचिन्ह जागचं हलत नाही, ते या एका अटीमुळे.

पण युनिक्सच्या त्या सहाव्या आवृत्तीत खोडण्यासाठी ‘#’ हे चिन्ह वापरायचे आणि अख्खी ओळ रद्द करायला ‘@’. कारण समोर पडदा नव्हता, टेलिटाइपचा कागद होता. मॉडेल ३३ हा टेलिटाइप सेकंदाला १० अक्षरं छापायचा आणि छापलेलं पुसता येत नव्हतं. टाइप करणारा चुकला की ‘#’ छापायचा, कर्नल आपल्या बफरमधलं आधीचं अक्षर काढून टाकायचा आणि कागदावर दोन्ही तशीच राहायची. पडदे आल्यावर हा हिशेब सुधारला. एक की, एक बाइट, एक रकाना असं समीकरण जमलं आणि इंग्रजीपुरतं ते कायमचं टिकलं.

देवनागरीत मात्र ते मोडतं. यूटीएफ-८ मध्ये ‘क’ला तीन बाइट लागतात. एक्सव्ही६च्या प्रॉम्प्टपुढे एकटा ‘क’ टाइप करून बॅकस्पेस दाबला, तर पडद्यावरचा ‘क’ जातो पण बफरमध्ये त्याचे दोन बाइट उरतात. ‘ई’ अजून ‘डब्ल्यू’ला भिडलेला नसतो, म्हणून कर्नल आणखी दोनदा खोडू देतो. दुसऱ्या वेळी प्रॉम्प्टमधली मोकळी जागा जाते आणि तिसऱ्या वेळी ते डॉलरचिन्हच पुसलं जातं. राखण करणारी अट तीच आहे, पण ती बाइट मोजते आणि पडदा रकाने मोजतो.

यातला अर्धा प्रश्न सुटण्यासारखा आहे, आणि त्याचं श्रेय यूटीएफ-८च्या रचनेला जातं. युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन यांनीच रॉब पाइक यांच्यासोबत १९९२ साली ती आखली. तिच्यात अक्षराचा पहिला बाइट सोडला तर बाकीचे सगळे बाइट १ आणि ० या दोन बिटांनीच सुरू होतात. त्यामुळे मागे जाताना असा बाइट दिसला की आणखी मागे जायचं आणि पहिला बाइट सापडला की थांबायचं. लिनक्सने २००४ साली यासाठी टर्मिनलमध्ये एक वेगळा पर्यायच आणला.

उरलेला अर्धा भाग आपल्या लिपीचा आहे. ‘कु’ हे ‘क’ आणि उकार अशा दोन युनिकोड संकेतांचं अक्षर, पण बऱ्याच टर्मिनलांत उकाराला स्वतःचा रकाना नसतो. लिनक्सच्या टर्मिनल सांभाळणाऱ्या भागाने वर्षानुवर्षं प्रत्येक संकेताला एक रकाना धरला. ‘कॅट’ ही आज्ञा देऊन ‘कु’ टाइप केला आणि एकदा बॅकस्पेस दाबला, तर बफरमधून फक्त उकार जातो, पडद्यावरून मात्र अख्खा ‘कु’ नाहीसा होतो. एंटर मारल्यावर, गेला असं वाटलेला ‘क’ समोर येतो. कागदावरच्या ‘#’ इतकीच ही फारकत खरी आहे. आणि ‘क्षि’ तर चार संकेतांचं, बारा बाइटांचं अक्षर.

हा दोष कुणी एकट्याने केलेला नाही. ज्यांनी ही यंत्रणा घडवली त्यांच्या कीबोर्डवर काना-मात्रा नव्हत्या, एवढंच. पण आता ज्यांच्या कीबोर्डवर त्या आहेत असे हजारो विद्यार्थी महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय शिकतात. इंटरप्ट, बफर, प्रक्रियेला झोपवणं आणि जागं करणं हे त्यांच्या अभ्यासक्रमातले धडे एक्सव्ही६च्या त्या एका छोट्या फाइलमध्ये भेटतात. त्यांनी ती उघडावी आणि बॅकस्पेसला आधी ‘क’ नीट खोडायला शिकवावं, मग ‘कु’, मग ‘क्षि’. पहिल्याला एक संध्याकाळ पुरेल. तिसऱ्यासाठी अक्षर म्हणजे नेमकं काय हे कर्नलला सांगावं लागेल, आणि ते मराठी लिहिणाऱ्यांनीच सांगायला हवं.