एक जीबी रॅमची टिपणे

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या शाळांत बंद पडून असलेला संगणक बहुतेक वेळा बिघडलेला नसतो. पेन्टियम ड्युअल-कोर, एक जीबी रॅम, वर विंडोज सेव्हन. सुरू व्हायलाच इतका वेळ लागतो की तास संपतो. निर्लेखनाच्या यादीत त्याचं नाव घालण्याआधी अँटिएक्स लावून बघाच. ही लिनक्स 256 एमबी रॅमवरही चालावी, अशा बेताने बनवलेली आहे.

*

आधी झाकण उघडायचं. जाळी, धूळ, कधी पालीची अंडी. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले की पुष्कळदा बीप थांबते. मग मदरबोर्डवरचा सीआर-2032 सेल बदलायचा. तो संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि सुरक्षित वेबसाइट उघडेनाशा होतात. लोक दोष नेटला देतात.

*

32 बिटची विंडोज होती म्हणून यंत्रही 32 बिटचंच, असं नाही. पेन्टियम ड्युअल-कोर बहुधा 64 बिटचा असतो. खात्री करून घ्यावी, कारण अँटिएक्स ज्यावर बेतलेली आहे त्या डेबियनच्या ऑगस्ट 2025मध्ये आलेल्या 13व्या आवृत्तीने 32 बिटचा इन्स्टॉलर बंद केला.

*

पावसाळ्यात वीज कधी जाईल, सांगता येत नाही, आणि अशा झटक्यांनी हार्डडिस्क मरते. पप्पी लिनक्स पेनड्राइव्हवरून सगळीच्या सगळी रॅममध्ये चढते, त्यामुळे हार्डडिस्क मेलेला संगणकही उठतो. मात्र मुलांना पहिल्याच दिवशी शिकवावं: लिहिलेलं मधूनमधून सेव्ह करा. वीज गेली की रॅममधलं सगळं जातं.

*

खरं ओझं ब्राउझरचं. अँटिएक्स स्वतः दोनशे एमबीच्या आसपास घेते. नंतर एक भपकेबाज वेबसाइट उघडली की सगळी रॅम संपते. सरकारी पोर्टल बनवणाऱ्यांनी ती एकदा तरी एक जीबीच्या यंत्रावर चालवून पाहावीत, असं मला मनापासून वाटतं. ऑनलाइन फॉर्म भरायला आलेल्या माणसाचा दिवस त्यावर अवलंबून असतो.

*

मुरबाडला लागून कर्जत तालुका. तिथल्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत 2007मध्ये 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. प्रोसेसर 433 मेगाहर्ट्झचा, रॅम 256 एमबी, आत फेडोरावर बेतलेली प्रणाली आणि शुगर हा मुलांसाठीचा डेस्कटॉप. आपल्या शाळांतली 'जुनी' यंत्रं त्यांच्या कितीतरी पुढची आहेत. म्हणून ती भंगारात चाललेली पाहवत नाहीत.

*

माळशेजच्या पायथ्याच्या वाड्यांत रेंजचा भरवसा नाही. तिथे किविक्स, म्हणजे नेटशिवाय विकिपीडिया वाचायचं सॉफ्टवेअर. मराठी विकिपीडिया तालुक्याच्या गावी डाउनलोड करायचा, पेनड्राइव्हवरून शाळेत न्यायचा. नेट लागत नाही, शोध चालतो. शेजारी इन्स्क्रिप्ट कळफलकाचा छापील तक्ता चिकटवावा. नाहीतर मुलं शोधायचा शब्दसुद्धा रोमन अक्षरांत टाइप करत बसतात.