वेगळी चूल कुणामुळे?

हैदराबाद
रविवार

चि. राणीस,



तुझं पत्र परवा मिळालं. अटलांटाच्या कॉलेजात तुला शिकवायची नोकरी लागली हे वाचून तुझ्या आजीने गल्लीभर पेढे वाटले. दादा फोनवर फार बोलला नाही, पण त्याचा आवाजच सगळं सांगत होता.

तुझ्या पत्रातला शेवटचा परिच्छेद मात्र मी पुन्हा पुन्हा वाचला. तिथल्या एका मराठी घरी तू जेवायला गेलीस आणि कुणीतरी सहज बोलून गेलं, ‘काळ्यांच्या कॉलेजात कशाला गेलीस? शिक्षणात ही वेगळी चूल हवीच कशाला?’ त्यावर तू मला विचारतेस की ही कॉलेजं मुळात निघाली कशी, आणि आपल्याकडे असं काही होतं का. या प्रश्नाचं उत्तर आपल्या घरात आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

वेगळी चूल कुणी मांडली हे विचारण्याआधी पंगतीतून कुणी उठवलं हे विचारायला हवं. तुझ्या अमेरिकेत तर पंगतीच्या आसपास फिरकायलाही बंदी होती. १८३१ साली व्हर्जिनियात नॅट टर्नरचं बंड झालं आणि त्यानंतर दक्षिणेतल्या राज्यांनी गुलामांना वाचायला-लिहायला शिकवण्याविरुद्धचे कायदे आणखी कडक केले. वाचता येणारा माणूस फार दिवस गुलाम राहत नाही, हे मालकांना पक्कं ठाऊक होतं. तरीही माणसं चोरून शिकत राहिली. यादवी युद्ध पेटल्यावर १८६१ मध्ये मेरी पीक नावाच्या कृष्णवर्णीय बाईंनी हॅम्प्टनजवळ एका ओकच्या झाडाखाली पळून आलेल्या गुलामांच्या मुलांना शिकवायला सुरुवात केली. ते झाड आजही उभं आहे आणि १८६८ साली निघालेली हॅम्प्टनची संस्था त्याच परिसरात वाढली.

१८६५ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा जवळपास चाळीस लाख माणसं मोकळी झाली. त्यांतल्या बहुतेकांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. या सगळ्यांना शिकवायचं तर शिक्षक हवेत, आणि शिक्षक घडवायचे तर कॉलेज हवं. तिथल्या बहुतेक कॉलेजांचा जन्म या गरजेतून झाला. उत्तरेत त्याआधीच सुरुवात झाली होती. पेनसिल्व्हेनियात क्वेकर पंथाच्या रिचर्ड हम्फ्रीज यांनी मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशांतून १८३७ साली एक शाळा निघाली, तीच आजची चेनी युनिव्हर्सिटी. युद्धानंतर मात्र रांगच लागली: १८६६ मध्ये फिस्क, १८६७ मध्ये हॉवर्ड आणि मोरहाऊस. मिशनरी संस्थांनी पैसे आणि शिक्षक दिले, सरकारच्या फ्रीडमेन्स ब्यूरोने मदत केली, आणि काळ्या लोकांच्या चर्चनी आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून वर्गण्या काढल्या.

तुझ्या अटलांटातच स्पेलमन आहे. १८८१ साली सोफिया पॅकार्ड आणि हॅरिएट जाइल्स या दोघींनी फ्रेंडशिप बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरात अकरा विद्यार्थिनींना घेऊन ते सुरू केलं. त्यांतल्या बहुतेकजणी गुलामगिरीत जन्मलेल्या होत्या आणि त्यांना निदान बायबल स्वतः वाचायचं होतं. अर्ध्या आयुष्यानंतर पाटी हातात घ्यायला काय धीर लागत असेल! 

फिस्कची गोष्ट तर मला तोंडपाठ आहे. कॉलेज बंद पडायच्या बेताला आलं होतं, तेव्हा १८७१ च्या ऑक्टोबरात तिथले नऊ विद्यार्थी गाण्याचे कार्यक्रम करायला बाहेर पडले. आईबापांनी कापसाच्या शेतात म्हटलेली गाणी त्यांनी आधी अमेरिकेत आणि मग इंग्लंडात गायली. त्या पैशांतून कॉलेज तरलं आणि जुबिली हॉल ही पक्की इमारत उभी राहिली. कॉलेज विद्यार्थ्यांना घडवतं हे आपण नेहमी ऐकतो. तिथे विद्यार्थ्यांनी कॉलेज उभं केलं.

या कॉलेजांच्या मुळाशी दुसरी एक गोष्ट आहे, ती कडू आहे. १८९० साली अमेरिकेच्या काँग्रेसने मॉरिल यांच्या नावाचा दुसरा कायदा केला. ज्या राज्यांना आपल्या सरकारी कॉलेजात काळ्यांना घ्यायचं नव्हतं, त्यांना अनुदान हवं असेल तर काळ्यांसाठी वेगळं कॉलेज काढावं लागेल, असं त्यात होतं. म्हणजे दक्षिणेतली कितीतरी सरकारी कॉलेजं निघाली ती गोऱ्यांची कॉलेजं गोरीच राहावीत म्हणून. शिकणाऱ्यांची भूक आणि बाहेर ठेवणाऱ्यांची भिंत, या दोन्हींतून त्या संस्था घडल्या. त्या जेवणाच्या टेबलावर बोलणाऱ्याला फक्त भिंत दिसली, आणि तीही भलत्याच माणसाने बांधल्यासारखी.

आता आपल्याकडे ये. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेत गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केली. हा धागा तितका जुना आहे. पण मला तुला माझ्या या शहरातल्या माणसाबद्दल सांगायचंय, कारण मराठीत त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही. भाग्य रेड्डी वर्मा. जन्म १८८८ चा, माला जातीतला, मूळ नाव मादरी भागय्या. १९०६ मध्ये त्यांनी जगन मित्र मंडळी स्थापन केली आणि वस्त्यावस्त्यांतून हरिकथेच्या वाटेने लोकांना जागं करायला घेतलं. १९१० मध्ये इसामिया बाजार आणि लिंगमपल्ली इथे त्यांनी शाळा सुरू केल्या. त्या वेळचं हैदराबाद डोळ्यांपुढे आण: राज्यकारभार उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत, आणि वस्तीतल्या पोराच्या घरी तेलुगू. जातीमुळे शाळेच्या दारात अडवायचं आणि कसंबसं आत शिरलंच तर भाषेमुळे मागे पडायचं. भाग्य रेड्डींच्या शाळा तेलुगूत शिकवत. पुढे त्यांची संख्या सव्वीस झाली आणि सुमारे अडीच हजार मुलं त्यांत शिकू लागली. शेवटी निजाम सरकारने त्या शाळा आपल्याकडे घेतल्या. आधी वर्गण्यांवर उभं केलं, मग सरकारला त्याची जबाबदारी घ्यायला लावली. 

पण शाळेपुढे काय? १९५० पूर्वी आपल्या मराठवाड्यात पदवीपर्यंत नेणारं कॉलेजच नव्हतं. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. औरंगाबादेत उस्मानियाचं इंटरमिजिएट कॉलेज होतं, त्यापुढे शिकायचं तर हैदराबाद गाठायचं. परभणीच्या एखाद्या महारवाड्यातल्या मुलाला ते कुठून परवडणार? बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं आणि १९५० च्या जूनमध्ये औरंगाबादला कॉलेज काढलं. पुढच्या वर्षी १ सप्टेंबरला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी त्याच्या इमारतीची कोनशिला बसवली. त्याला मिलिंद हे नाव नंतर मिळालं, आणि तो परिसर नागसेनवन झाला.

तुझे आजोबा या मिलिंदचे. दादाने तुला हे सांगितलं असेल, पण त्यांची पदवी तू नीट पाहिली नसशील. ती माझ्या कपाटात आहे. शिकले औरंगाबादला, पण कागदावर नाव उस्मानिया विद्यापीठाचं, कारण मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये निघेपर्यंत मिलिंद उस्मानियालाच जोडलेलं होतं. कागदाच्या घड्या झिजल्यात, एका कडेला पावसाचा डाग आहे. वसतिगृहातला पहिला महिना भीतीचा गेला असं ते सांगायचे. कुणी जात विचारेल, ताट वेगळं ठेवेल, याची ते वाट बघत राहिले. तसं काही झालंच नाही. त्यांच्या शेजारच्या खाटेवर कधी मराठा मुलगा होता, कधी मुसलमान. प्राचार्य म. भि. चिटणीस मुलांना वाचायला लावत, लिहायला लावत, नाटकं करायला लावत. चिटणीसांनी स्वतः ‘युगयात्रा’ नाटक लिहिलं आणि विद्यार्थ्यांनी ते रंगमंचावर आणलं. पुढे गंगाधर पानतावणे याच कॉलेजात शिकवत होते आणि त्यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने दलित साहित्याला घर दिलं. आजोबा म्हणायचे, मिलिंदमध्ये पदवीपेक्षा मोठं काही मिळालं असेल तर ते म्हणजे वर्गात हात वर करून प्रश्न विचारायची सवय.

बाबासाहेबांनी ही कॉलेजं का काढली, हे समजून घ्यायला तुझ्याच अटलांटातल्या एका वादाकडे बघ. काळ्यांचे पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये टस्कीगी संस्था उभी केली. त्यांचं म्हणणं असं की आधी हातांना कसब द्या. विटा भाजायची भट्टी त्यांची तीनदा फसली. चौथ्या वेळी पैसे नव्हते म्हणून त्यांनी आपलं घड्याळ गहाण ठेवलं आणि भट्टी लावली, तेव्हा विटा पक्क्या निघाल्या. ती मेहनत पाहून कुणाचीही मान झुकेल. पण १८९५ साली अटलांटातच केलेल्या भाषणात त्यांनी राजकीय हक्कांचा आग्रह मागे ठेवला, आणि तिथे डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना ते मान्य झालं नाही. ड्यू बॉइस फिस्कमध्ये शिकलेले आणि अटलांटा विद्यापीठात शिकवणारे. समाजाला पुढे नेणारी माणसं घडवायची तर उच्च शिक्षणाला पर्याय नाही, असं ते ठामपणे मांडत. बाबासाहेब याच बाजूचे. व्हाइसरॉयच्या मंडळात असताना त्यांनी १९४२ मध्ये अनुसूचित जातींच्या मुलांसाठी सरकारकडे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या आणि परदेशातल्या शिक्षणाची तरतूद मागितली होती. आणि सिद्धार्थ सुरू झालं त्याच दिवसांत, १९४६ च्या जुलैमध्ये, बाबासाहेब आणि ड्यू बॉइस यांच्यात पत्रव्यवहार झाला. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाबद्दल बाबासाहेबांनी विचारलं होतं. जगाच्या दोन टोकांवरच्या या दोघांना एकमेकांची लढाई ओळखीची वाटत होती.

त्या जेवणाच्या टेबलावर तुला दोन गोष्टी सांगता आल्या असत्या.

पहिली ही, की ज्यांना बाहेर ठेवलं त्यांनी आपलं दार उघडंच ठेवलं. हॉवर्डच्या पहिल्या विद्यार्थ्यांमध्ये संस्थापकांच्या गोऱ्या मुली होत्या. मिलिंदमध्ये सगळ्या जातीधर्मांची मुलं शिकली आणि शिक्षकही सगळ्या जातींचे होते. ज्यांना स्वतः हाकलून दिलं होतं, त्यांनी दुसऱ्या कुणाला हाकललं नाही. वेगळेपणाचा आरोप करणाऱ्याने हे आधी पाहावं.

दुसरी ही, की भिंत पाडली ती याच कॉलेजांतल्या मुलांनी. थर्गूड मार्शल लिंकन विद्यापीठात शिकले. त्यांना वकील व्हायचं होतं, पण मेरीलँड विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये काळ्यांना प्रवेश नव्हता, म्हणून ते हॉवर्डला गेले. तिथे चार्ल्स ह्यूस्टन यांनी त्यांना घडवलं. १९३३ मध्ये मार्शल पदवीधर झाले आणि १९३५ मध्ये या गुरुशिष्यांनी कोर्टात लढून मेरीलँडचं तेच दार एका काळ्या विद्यार्थ्यासाठी उघडायला लावलं. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधलं वेगळेपण बेकायदा ठरवलं, त्या खटल्यातही मार्शलच उभे होते. आपल्याकडे १९७८ च्या जुलैमध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि गावोगाव दलितांची घरं जळली. तेव्हा नागसेनवनात शिकलेली माणसं पुढे होती. सोळा वर्षं हटली नाहीत ती. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाच्या नावात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. आजोबा त्या दिवशी मुद्दाम औरंगाबादला गेले होते.

काम संपलंय असं मी तुला सांगणार नाही. २०१६ च्या जानेवारीत याच शहरातल्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला हा संशोधक विद्यार्थी आपल्यातून गेला. दार उघडलं म्हणजे आत माणूस म्हणून वागवतीलच असं नाही. त्याच वर्षी तेलंगणात समाजकल्याण खात्याच्या सोसायटीने दलित मुलींसाठी निवासी पदवी कॉलेजं सुरू केली. राहायला जागा, दोन वेळचं जेवण, आणि जात विचारून खाली बघायला लावणारं कुणी नाही, एवढं मिळालं की आपल्या मुली काय करू शकतात ते इथे रोज दिसतंय. अशा जागा अजून लागतात. लागणार नाहीत अशी वेळ यावी म्हणूनच त्या जपायच्या.

१९५३ च्या जानेवारीत उस्मानियाने बाबासाहेबांना मानद डॉक्टरेट दिली. त्याच विद्यापीठाच्या नावाचा कागद तुझ्या आजोबांना मिळाला, आणि त्याच कागदाच्या जोरावर दादा आणि मी शिकलो. तू आज ज्या कॉलेजात उभी आहेस तिथल्या कितीतरी मुलांच्या घरी असंच कुणाचं तरी पहिलं प्रमाणपत्र जपून ठेवलेलं असेल. तेव्हा पहिल्या सत्रातच त्यांना मिलिंदबद्दल सांग, इसामिया बाजारबद्दल सांग, आणि त्यांच्या पणजी-पणजोबांनी कुठे, कशी अक्षरं गिरवली ते विचार. ते जे सांगतील ते लिहून ठेव आणि मला पाठव. इथल्या मुलींना मी ते वाचून दाखवणार आहे.

आणि त्या घरी पुन्हा जेवायला बोलावलं तर जरूर जा. शांतपणे बोल, पण पूर्ण बोल.

तब्येतीला जप. थंडीत टोपी घालत जा.

तुझी,
आत्या