उसना जीव

खेळण्याला वय असते असे लोक म्हणतात. ते वय नेमके कोणत्या वाढदिवशी संपते, हे मात्र कोणी सांगत नाही. ऐंशी वर्षांचे आजोबा पत्त्यांचा डाव मांडून बसले तर ते रसिक ठरतात, बुद्धिबळाचा पट मांडला तर विद्वान ठरतात. पण चाळिशी उलटलेल्या गृहस्थाने ‘मला जुना मारिओ खेळावासा वाटतो’ असे नुसते म्हणून पाहावे! घरातली मंडळी त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहतील.

गेल्या उन्हाळ्यात मी जुने खेळ चालवणारा मोबाइल शोधत हिंडत होतो, तेव्हा माझ्याकडेही लोक असेच पाहत होते. मी बदलापूरला राहतो, लहान मुलांच्या शाळेत शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही. त्यामुळे यंत्रातले जे काही कळते, ते चार जणांना विचारून कळते. मोबाइल मला स्वतःसाठी नको होता. तो हवा होता अंबरनाथला राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावासाठी.

दादाच्या आणि माझ्या लहानपणी, म्हणजे 1990 नंतरच्या काही वर्षांत, घरोघरी टीव्हीला जोडायचा एक डबा आला होता. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 1983 साली फॅमिकॉम नावाचे यंत्र काढले; आपल्याकडचे बहुतेक डबे ही त्याची नक्कल. आमचा डबा वडिलांनी उल्हासनगरच्या बाजारातून आणला होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत जागा मिळाली आणि 1949 साली त्या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. मागे सारे सोडून आलेल्या माणसांनी येथे जे विकले जाईल ते बनवले आणि जे बनवता येईल ते विकले. ‘मेड इन यू.एस.ए.’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद आम्ही शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. विनोद करणाऱ्यांच्याही घरी माल तिथलाच असे.

त्या डब्यावर दादा आणि मी कॉन्ट्रा खेळत असू. कोनामी कंपनीचा 1987 सालचा हा खेळ. दोन शिपाई शेजारी शेजारी धावतात आणि समोरून गोळ्यांचा पाऊस पडतो. प्रत्येकाला तीन जीव. माझे तिन्ही जीव पहिल्या धबधब्यापाशीच संपून जात. पण त्या खेळात एक मोठी दिलदार सोय होती. ज्याचे जीव संपले त्याला जोडीदाराच्या शिलकीतला जीव उसना घेता येई. मी न विचारता बटन दाबी आणि दादाचा एक जीव कमी होई. दादा नुसता म्हणे, “आता तरी जपून उडी मार.” मी जपून उडी मारल्याचे कोणाला आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका कारखान्यात पॉवर प्रेसखाली दादाच्या उजव्या हाताचा अंगठा गेला. जखम भरली. पण तेव्हापासून दादाचा उजवा हात खिशात गेला तो तेथेच राहिला. जेवताना, लिहिताना, चहाचा कप उचलताना तो डावा हात पुढे करी. बोलणेही कमी झाले. एकदा मी अंबरनाथला गेलो असताना तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, “दिवस जाता जात नाही रे. आपला तो डबा असता तर कॉन्ट्रा तरी खेळलो असतो. पण तोही दोन अंगठ्यांचाच खेळ.” मी गप्प राहिलो आणि दुसऱ्या दिवसापासून चौकशीला लागलो.

कळले ते असे. जुना डबा आता लागत नाही. मोबाइलमध्ये एम्युलेटर नावाची सोय घालता येते. एम्युलेटर म्हणजे यंत्रांमधला बहुरूपी. बहुरूपी जसा पोलिसाचा वेष करून दारात उभा राहतो आणि घरधनी क्षणभर दचकतो, तसा हा मोबाइलला जुन्या डब्याचे सोंग देतो. बिचाऱ्या खेळाला वाटते, आपण घरीच आहोत. आणि हे सोंग वठवायला फार ताकद लागत नाही. मूळ फॅमिकॉमची कामाची स्मृती होती 2 केबी. सबंध सुपर मारिओ ब्रदर्स हा 1985 सालचा खेळ 40 केबीत मावला होता. आजच्या 8 जीबी रॅमच्या मोबाइलात त्या डब्याच्या सुमारे 40 लाख पट स्मृती असते. तेव्हा फॅमिकॉमच्या काळातल्या खेळांसाठी महागडा मोबाइल घेणे म्हणजे पोस्टकार्ड टाकायला मालगाडी जोडणे. प्लेस्टेशन 2 सारख्या 2000 सालच्या यंत्राचे सोंग आणायचे असेल, तर मात्र चांगला दमदार प्रोसेसर लागतो. स्वस्त मोबाइल तेथे तापतो आणि अडखळतो. आयफोनवाल्यांना अॅपलने 2024 च्या एप्रिलपासून आपल्या दुकानात असे बहुरूपी येऊ दिले. पण आयफोन माझ्या 15,000 रुपयांच्या आवाक्यात नव्हता.

तर ताकदीचा प्रश्न नव्हता. प्रश्न बोटांचा होता. काचेवर चितारलेल्या बटनाला उंचवटा नसतो. बोट कोठे आहे हे बोटाला कळत नाही आणि खेळाडू खड्ड्यात पडतो. बटन दाबणे आणि शिपायाने उडी मारणे यांत किंचित उशीर झाला तरी जीव जातो. बिनतारी कर्णे कानात घातले तर गोळीचा आवाज गोळी लागून गेल्यावर येतो, म्हणून हेडफोनची वायर घालायला भोक असलेला मोबाइल बरा. पडदा लांबोडका असला तरी बिघडत नाही. जुन्या टीव्हीचे चौकोनी चित्र मध्ये बसते आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उरतात.

एका रविवारी दादाला घेऊन उल्हासनगर गाठले. दुकानातले सिंधी काका कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हे मोठ्या उमेदीने सांगू लागले. मी म्हटले, “फोटो नको, गेम खेळायचे आहेत. जुने.” काकांनी लगेच एक मेमरी कार्ड पुढे केले. “सर, हजार गेम भरलेत. मोबाइलबरोबर देऊन टाकतो.” बहुरूपी बाळगण्यात गुन्हा नाही, पण या खेळांचे हक्क अजून कंपन्यांकडे आहेत. माझ्या कादंबरीची फुकट प्रत मोबाइलवर फिरते तेव्हा मी दोन दिवस चडफडत असतो. मी कार्ड परत केले. काकांना माझी कीव आली असावी.

त्यांच्या मुलाने मग एक सुटा कंट्रोलर काढला. खऱ्या बटनांचा, मोबाइलला वायरने जोडायचा. तो दादाकडे पाहून म्हणाला, “हातात धरायलाच पाहिजे असं नाही, अंकल. काउंटरवर ठेवा. पेटी वाजवतात तसं बोटांनी दाबा. कुठलं बटन कशाचं, तेही बदलता येतं.”

दादा क्षणभर थांबला. मग त्याने उजवा हात खिशातून काढला आणि काचेच्या काउंटरवर ठेवला, तर्जनी एका बटनावर, मधले बोट दुसऱ्यावर. काकांनी हाताकडे पाहिले आणि काही न बोलता पंखा दादाच्या दिशेने वळवला. आम्ही एक साधा अँड्रॉइड मोबाइल, टेबलावर उभा करायचा स्टँड आणि दोन कंट्रोलर घेतले.

कॉन्ट्राची कायदेशीर प्रत त्या मोबाइलसाठी मला मिळाली नाही. पण त्या जुन्या डब्यासाठी आजही काही हौशी मंडळी नवे खेळ लिहितात, ही बातमी शोधता शोधता लागली. 2019 साली आलेला मायक्रो मेजेस हा त्यांतलाच एक. तोही 40 केबीत बसवलेला, आणि एकाच वेळी चौघांना खेळता येणारा. आम्ही तो विकत घेतला.

दिवाळीच्या खरेदीला निघालेल्या वाचकांना या अनुभवातून एकच सांगतो. मोबाइल घेताना दुकानदार त्याच्या पोटातले आकडे सांगेल, ते ऐकून घ्या. पण तो ज्याच्या हातात पडणार, तो हातही बरोबर घेऊन जा.

आता रविवारी मी अंबरनाथला उतरतो. वहिनी चहा ठेवते आणि ‘दोघे म्हातारे झाले तरी’ असे काहीतरी पुटपुटते. पुतणी तिसरा कंट्रोलर आणा म्हणून मागे लागली आहे. दादा अजून फार बोलत नाही. पण परवा तो दोनदा खाली पडला, तेव्हा मला बरी संधी मिळाली. मी म्हटले, “दादा, आता तरी जपून उडी मार.”

दादाने डाव पुन्हा सुरू केला आणि पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, “तुझ्याकडे माझे पस्तीस वर्षांचे जीव बाकी आहेत. आधी ते फेड.”