जॉब निवू दे

नागदेवी मार्गावर बेअरिंग आणि हत्यारांचा व्यापार करणाऱ्यांना नुसत्या क्रमांकावरून बेअरिंगचे माप सांगता येते. परंतु ते ज्या दांड्यावर बसते, त्याला अखेरचे माप देणारा सिलिंड्रिकल ग्राइंडरवरचा कारागीर गिऱ्हाइकाच्या दृष्टीस क्वचितच पडतो.

नागदेवीच्या एका व्यापारी कुटुंबाच्या लालबागमधील गाळ्यात असे एक गृहस्थ चाळीस वर्षे काम करीत होते. सगळे त्यांना दादा म्हणत. दोन सेंटरांमध्ये धरलेला पोलादी दांडा सावकाश फिरे, वेगाने फिरणारा दगड त्याला स्पर्शून जाई आणि वरून साबणपाणी वाहत असे. दगड बोथट झाला की हिऱ्याच्या टोकाने त्याला पुन्हा धार आणावी लागे. ऑपेरा हाऊसच्या बाजारात ज्याला दागिन्याचे मोल नाही, असा हिरा येथे कामी येतो.

खरी कसोटी मापाची. 50 मिलिमीटर व्यासाच्या स्पिंडलवर बेअरिंगच्या जागी अनेकदा अवघ्या 11 मायक्रॉनची सूट असते. माणसाचा केसही त्याच्या कित्येक पट जाड. दांडा 10 अंशांनी तापला, तर सुमारे 6 मायक्रॉनने फुगतो. तापलेला असताना माप खालच्या हद्दीत बसले, तर थंड झाल्यावर दांडा बारीक पडतो. निघालेला धातू परत येत नाही. क्रोम चढवून पुन्हा घासायचे, तर सगळी मजुरी त्यातच जाते.

एकदा टेम्पो दाराशी उभा असताना शेठजींनी विचारले, "दादा, माल तयार दिसतो. अडले कुठे?"

"शेठ, जॉब गरम आहे. आता घेतलेले माप खोटे ठरेल."

टेम्पो अर्धा तास थांबला. खोळंब्याचे पैसे शेठजींनी निमूटपणे दिले.

18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला, तेव्हा दादा उमेदवारीत होते. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या. गाळा पंपांच्या आणि छपाईयंत्रांच्या कामावर तगला. अखेर जागेला भाव आला. शेठजींच्या मुलाने विक्रीचा हिशेब मांडला, तेव्हा ग्राइंडरची किंमत भंगाराहून थोडीच अधिक भरली. अर्धा तास थांबणाऱ्या त्या हातांसाठी मात्र वहीत रकाना नव्हता.

त्याने यंत्र विकले नाही. ते वसईला हलविले आणि दादांनाही सहा महिने सोबत नेले. तेथील नव्या मुलाला पहिल्या दिवशी एवढेच शिकायला मिळाले: दगड मागे घे, हात धू, जॉब निवू दे.