सकाळी सात वाजता कोळंबी

अगं ए,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. निम्मा माझ्या आळशीपणावर, निम्मा तुझ्या जाऊबाईंवर. जाऊबाईंवर येतेच, पण आधी तुझ्या तक्रारीचं उत्तर. रविवारी सकाळी मी फोन उचलत नाही, कारण तेव्हा माझ्या एका हातात चॉपस्टिक्स असतात, दुसऱ्यात चमचा, आणि नाक वाफेत.

तुला सांगते, लाँग बीचला अ‍ॅनाहाइम स्ट्रीट म्हणून रस्ता आहे. दिसायला काही नाही त्यात. टायरवाले, सोनार, लाँड्री. नगरपालिकेनं २००७ साली त्याच्या एका तुकड्याला रीतसर 'कंबोडिया टाउन' नाव दिलं. पन्नास-साठच्या दशकांत काही कंबोडियन विद्यार्थी इथल्या विद्यापीठात शिकायला आले होते. पुढे तिकडे सगळं पेटलं तेव्हा जीव वाचवून निघालेली माणसं त्यांच्याच ओळखीनं या गावात येऊन टेकली. माझं दुकान याच रस्त्यावर. नूडल्सचं साधंसुधं खानावळवजा दुकान, निम्मा मेनू कंबोडियन, निम्मा व्हिएतनामी. पदार्थांची नावं घ्यायची गरजच पडत नाही, प्रत्येकाला नंबर आहे. मुलगी येते, पेन कानामागून काढते, नंबर ऐकते, जाते. "कशी आहेस?" वगैरे अमेरिकन गोडवा नाही. तुला आवडेल ती.

व्हिएतनामी पानावर अर्थातच फो. मी कोंबडीचं घेते, गोमांसाचं नाही. चक्रीफूल, दालचिनी, मसाला वेलदोडा, आणि जाळावर काळं होईपर्यंत भाजलेलं आलं नि कांदा. डोळे मिटून वास घेतलास तर शपथेवर सांगशील की घरात कोणीतरी मसाला कुटायला काढलाय. आणि डोळे उघडावेत तर समोर नितळ पाणी! सगळं तासन्‌तास उकळायचं आणि गाळून टाकायचं, ही काटकसर की उधळपट्टी मला अजून ठरवता आलेलं नाही. सोबत ताट येतं: कच्चे मोड, तुळशीच्या कुळातली जांभळट देठांची पानं, हिरव्या मिरच्या, लिंबाच्या फोडी. हा दक्षिणेकडचा थाट. हनोईकडे फो साधंच खातात, हा पालापाचोळा तिथल्या कडव्या माणसाला बघवत नाही. तू मात्र चिवड्यावरसुद्धा लिंबू पिळणारी बाई, तुझं तिथं फार जमेल.

पण माझं मत विचारशील तर फोचा नुसता बोलबाला आहे. खरी गंमत कंबोडियन पानावर. कुय तिव. बारीक तांदळाच्या नूडल्स, वर खिमा, दोन-तीन कोळंब्या, कलेजीचा काप, कांद्याची पात आणि तळलेल्या लसणाचा सोनेरी चुरा. तो चुरा आधी वर तरंगतो, मग हळूहळू रश्श्याला तेलाची बारीक बारीक नाणी सुटतात. पहिला चमचा त्या नाण्यांसकट घ्यायचा. रस्सा कसल्या हाडांचा, ते विचारू नकोस. दशावतारातल्या तिसऱ्या अवताराचा, एवढं सांगते. माझ्या आईकडे यातलं अक्षर बोललीस तर तुझी हॉस्टेलमधली सगळी प्रकरणं मी तुझ्या लेकीला सांगेन.

या वाडग्याचा प्रवास बघ. चिनी व्यापाऱ्यांबरोबर कंबोडियात आला, नॉम पेन्हच्या बाजारात मुरला, तिथून खाली सायगावला गेला आणि तिथलाच होऊन बसला. त्यामुळे इथं तो दोन्ही पानांवर आहे, थोडा थोडा वेगळा. आणि दोन्ही शहरं १९७५च्या एप्रिलमध्ये पडली. सतरा तारखेला नॉम पेन्ह, तीस तारखेला सायगाव. नॉम पेन्ह तर ख्मेर रूजनी रिकामंच केलं, आजाऱ्यांसकट सगळ्यांना खेड्यांकडे हाकललं. बाजार बंद, पैसाच रद्द. माणसांना पाण्यासारख्या पेजेवर शेतात राबवलं, जवळजवळ चार वर्षं. शहरच उरलं नाही, तर शहराचा नाश्ता कुठून उरणार?

मालकीणबाईंना मी कधी काही विचारलं नाही. वयावरून हिशेब लागतो. वाडग्यात थोडं उरलं की त्या टेबलाशी येऊन उभ्या राहतात, वाडग्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात. बोलत नाहीत. मी संपवते.

हो, नाश्ताच म्हणाले मी! त्यांच्याकडे हे सकाळचं खाणं. सात वाजता शेजारच्या टेबलावरचे आजोबा कोळंबी सोलत असतात आणि तू तिकडे म्हणतेस, पोह्यांत शेंगदाणे जास्त झाले की पचत नाहीत. टेबलावर मिरचीचं तेल, व्हिनेगरमधल्या मिरच्या, फिश सॉस आणि चक्क साखरेचा डबा. आजोबा चमचाभर साखर घालतात. पुण्याच्या आमटीत गूळ लागला की मेसवाल्या काकूंशी भांडणारी तू मला आठवलीस आणि मी एकटीच हसले. नंतर घालून बघितली. चांगली लागते गं.

एकदा नवरोबाला नेलं. बसल्या बसल्या मालकीणबाईंनी न विचारता त्याच्यापुढे काटा ठेवला. माझ्यापुढे नाही. त्याचा असा काही स्वाभिमान जागा झाला की शेवटपर्यंत चॉपस्टिक्सच वापरल्या. निम्म्या नूडल्स तोंडात गेल्या, बाकीच्या कुठं गेल्या ते त्याचा शर्ट सांगेल. तेव्हापासून तो रविवारी झोपतो आणि मी एकटी जाते. बरं वाटतं. एकटी बाई टेबल अडवून बसली तरी कोणी चौकशी करत नाही. इथं येऊन इतकी वर्षं झाली, तरी रविवारची सकाळ अंगावर येते. घरचे सगळे आवाज आठवतात. तिथं निदान भांडी वाजत असतात, कोणीतरी कोणावर तरी मोठ्यानं ओरडत असतं.

आणि आता ऐक. मागच्या रविवारी नुम बान्ह चोक घेतलं. वाडगा समोर आला आणि मी बघतच राहिले. शिरवाळे गं! तांदळाचे, साच्यातून पाडलेले, गुंडाळी करून ठेवलेले शिरवाळे. कुडाळला तुझी आजी दांडा दाबायला आपल्या दोघींना लोंबकळायला लावायची आणि खाली तिचं 'जोर नाय काय गो पोरींनो' चालू असायचं. आपण ते गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवले. यांनी त्यावर माशाचा हिरवट-पिवळा रस्सा ओतला, गवती चहा आणि हळद वाटून. गवती चहा, माशात! वर कच्च्या काकडीचे काप, आणि चिरलेलं केळफूल. आजीनं पहिल्यांदा नाक मुरडलं असतं आणि मग दुसरा वाडगा मागितला असता.

जाऊबाईंचं म्हणशील तर माझं मत तुला माहीत आहे: मिक्सर परत मागू नकोस, नवा घे.

आणि येण्याचं यंदा तरी खरं कर. एप्रिलच्या मध्यात मात्र तिकीट काढू नकोस, त्यांचं नवं वर्ष असतं, दुकानाला कुलूप मिळेल. एरवी कधीही ये. सकाळी सातला उघडतं, दुपारी तीनला बंद होतं. रोख पैसे जवळ ठेव, कार्ड घेत नाहीत.

तुझीच