शाळा सोडण्याचे कारण

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर खाली एक रकाना असतो. प्रगती, वर्तणूक आणि मग 'शाळा सोडण्याचे कारण'. माझ्या दाखल्यावर तिथे निळ्या शाईत लिहिलंय, 'पालकांच्या विनंतीवरून'. साल १९९३. आठवी संपवून मी मुलुंडची शाळा सोडली आणि घाटकोपरच्या ज्या शाळेने आम्हाला लागोपाठ दोन वर्षं गाइल्स शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेतून घरी पाठवलं होतं, त्याच शाळेत नाव घातलं. पालकांनी विनंती केलीच नव्हती. वडील तर शेवटपर्यंत नको म्हणत होते. विनंती केली ती समोरच्या संघाच्या सरांनी, आझाद मैदानावर मॅच संपल्यावर, आम्ही किट बॅगा भरत असताना. "मुला, आमच्याकडे येशील का?" एवढंच.

आता मी स्वतः शाळेतल्या मुलांना ऑफ स्पिन शिकवतो. गेल्या महिन्यात माझ्या संघातल्या एका मुलाचे वडील संध्याकाळी घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही. "सर, त्या शाळेतून बोलावणं आलंय. फी माफ करतायत. तुम्हीच सांगा काय करू." ती शाळा कुठली हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. यंदा उपांत्यपूर्व फेरीत याच मुलाने त्या शाळेचे सहा गडी बाद केले होते.

इतक्या वर्षांत मला एक गोष्ट पटत गेली आहे. मुलाला सगळ्यात नीट पाहतो तो समोरचा संघ. आपल्या सरांना आपण रोज दिसतो, म्हणून हळूहळू दिसेनासे होतो. ज्याची फलंदाजी आपण कापून काढतो तो मात्र आपला प्रत्येक चेंडू हातातून सुटताना बघत असतो, कारण त्याला तो खेळायचा असतो.

बोरिवलीच्या दिनेश लाड सरांची हकिगत आता क्रिकेटवाल्या घरांत सगळ्यांना माहीत आहे. २००६ साली त्यांच्या स्वामी विवेकानंद शाळेची गाठ बोईसरच्या तारापूर विद्यामंदिराशी पडली. त्या संघातल्या पालघरच्या एका मुलाने लाड सरांच्याच संघाविरुद्ध ७८ धावा केल्या आणि पाच गडीही बाद केले. तो शार्दुल ठाकूर. सरांनी त्याला बोरिवलीत यायला सांगितलं. घरच्यांना पटेना. दहावी तोंडावर आलेली, आणि तेव्हा लोकल विरारच्या पुढे जातही नव्हती, ती डहाणूपर्यंत गेली २०१३ साली. किट घेऊन रोज पालघर-बोरिवली करायचं तर मुलाने अभ्यास करायचा कधी आणि झोपायचं कधी? मग लाड सरांनी त्याला स्वतःच्या घरीच ठेवून घेतलं. दुसऱ्याच्या वाढत्या वयाच्या मुलाला आपल्या ताटात जेवू घालायचं, त्याचे कपडे, त्याचा अभ्यास, त्याचा ताप, सगळं अंगावर घ्यायचं. नुसत्या प्रशिक्षणाच्या हौसेने हे होत नाही. २०२२ साली लाड सरांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, तेव्हा मला पहिल्यांदा त्यांच्या घरचं ते स्वयंपाकघर आठवलं, जे मी कधी पाहिलेलंही नाही.

पुढचं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं आहे. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला ६७ धावा आणि सामन्यात सात गडी, त्याच वर्षी ओव्हलवर दोन्ही डावांत अर्धशतकं, २०२२ च्या जानेवारीत जोहान्सबर्गला एका डावात ६१ धावांत सात गडी. ब्रिस्बेनची ती खेळी बघताना माझ्या डोळ्यांपुढे सारखं बोईसरचं शाळेचं मैदान येत होतं. आठव्या नंबरवर येऊन समोरच्याच्या हातातला सामना काढून घ्यायचा, हे तो बोरिवलीत शिकलेला नव्हता. लाड सरांना ते दिसलं होतं, कारण तो त्यांच्याच संघाविरुद्ध खेळला होता.

रोहित शर्माची गोष्ट याच शाळेची, पण वेगळी. १९९९ च्या सुमाराला तो बोरिवलीत आजी-आजोबा आणि काकांकडे राहायचा, आई-वडील डोंबिवलीत एका खोलीत. लाड सरांनी त्याला पाहिलं ते ऑफ स्पिनर म्हणून. आधीची शाळा सोडून आमच्याकडे ये म्हणाले. फी परवडणारी नव्हती, म्हणून शाळेकडून ती माफ करून घेतली, आणि चार वर्षं त्याला एक पैसा भरावा लागला नाही. नव्या शाळेत तो आठव्या क्रमांकावर फलंदाजीला यायचा. तिथून सरांनी त्याला एकदम सलामीला पाठवलं आणि सलामीवीर म्हणून पहिल्याच सामन्यात त्याने शतक ठोकलं. आणलं होतं बोटांसाठी, सापडलं मनगट. मुलाला नवी नजर मिळते म्हणतात ती अशी.

पण बोटं कुठे गेली? ६ मे २००९ ला सेंच्युरियनला डेक्कन चार्जर्सकडून खेळताना रोहितने हॅटट्रिक घेतली. अभिषेक नायर, हरभजन, ड्युमिनी. सहा धावांत चार बळी, आणि तेही मुंबई इंडियन्सविरुद्ध. दोन वर्षांनी तो त्याच मुंबईच्या संघात आला आणि पुढे कर्णधार म्हणून त्यांना पाच वेळा आयपीएल जिंकून दिली. माणूस संघ बदलतो, जागा बदलतो, सलामीला जातो, २६४ करतो. तरी तेराव्या वर्षी बोटाला लागलेलं वळण आत कुठेतरी शाबूत असतं.

वळणाचं सांगतो. ऑफ स्पिन तर्जनीने टाकतात. शिवणीवर आडवी दोन बोटं फाकवून धरायची, आणि चेंडू सुटताना दाराची मूठ फिरवावी तसं फिरवायचं. वर्षभराने तर्जनीच्या पहिल्या पेराला आतल्या बाजूने घट्टा पडतो. माझा अजून आहे. नेट्समध्ये नवीन मूल आलं की मी आधी त्याचा हात हातात घेऊन तिथे अंगठा फिरवतो. बोटाला घट्टा नसेल तर चेंडू तळव्यातून येतोय, मग तो दिसायला कितीही सुंदर असो.

मुलुंडच्या शाळेत आमचं मैदान म्हणजे इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधली पट्टी. मॅटिंग अंथरलं की गोलंदाजाच्या मागे तीन पावलांवर भिंत. रन-अप घ्यायला जागाच नाही. मग जोर आणायचा कुठून? डावा पाय रोवून त्याच्यावर अख्खं अंग फिरवायचं, कमरेतून. तसं करता करता माझा चेंडू इतरांपेक्षा जास्त फिरायला लागला. यात माझी काही हुशारी नव्हती. ती त्या भिंतीची देणगी होती, आणि त्या सरांची, ज्यांनी जागा नाही म्हणून आम्हाला कधी घरी पाठवलं नाही.

नव्या शाळेत मोठं मैदान, तीन नेट्स, टर्फ विकेट. सरांनी पहिल्याच दिवशी आठ पावलांचा रन-अप आखून दिला. पंधरा दिवसांत माझी बॉलिंग संपली. चेंडू सपाट यायला लागला, फिरेना, टप्पा आखूड. मला रात्री झोप लागायची नाही. वडिलांना सांगायची सोय नव्हती, कारण ते आधीच नको म्हणाले होते. सोळाव्या दिवशी सरांनी विचारलं, "तिकडे कसं टाकायचास, दाखव." मी तीन पावलं घेऊन दाखवलं. "तीनच का?" "मागे भिंत होती सर." ते काही बोलले नाहीत. दोन मुलांना हाक मारली, कडेला पडलेला रोलर ढकलत आणला आणि माझ्या मागे तीन पावलांवर उभा केला. "टाक." चेंडू सुटला तेव्हाच बोटाला कळलं. त्या वर्षी नेट्सला मी टाकायला आलो की रोलर यायचा.

त्या सरांचं हे मोठेपण मी अजून विसरलो नाही. प्रतिस्पर्ध्याचा मुलगा घेतला की त्याची जुनी शाळा पुसून टाकायची घाई सगळ्यांना असते. त्यांनी ती भिंतसुद्धा माझ्याबरोबर येऊ दिली.

डिसेंबरात हॅरिस शील्ड या दुसऱ्या शालेय स्पर्धेत आमची गाठ माझ्या जुन्या शाळेशीच पडली. मैदान तेच, आझाद मैदान. एका मैदानात बावीस खेळपट्ट्या, त्यामुळे आपला पॉइंट दुसऱ्या मॅचच्या मिडविकेटला पाठ लावून उभा. जुन्या शाळेचा विकेटकीपर माझा बालमित्र. तीन वर्षं त्याने माझे चेंडू स्टंपांमागून धरले होते. त्या दिवशी मी अकरा षटकांत ६८ धावा दिल्या, बळी एकही नाही. सरळ जाणारा चेंडू, ज्याला आम्ही आर्म बॉल म्हणतो, तो टाकला की फलंदाज आधीच पुढे आलेला. दोनदा तर साइट स्क्रीनवरून गेला. आम्ही मॅच जिंकलो, पण माझ्यामुळे नव्हे.

गंमत अशी की शाळा बदलली तरी घर मुलुंडलाच होतं. संध्याकाळी व्हीटीहून तो आणि मी एकाच स्लो लोकलने निघालो, मधे दोन किट बॅगा. कुर्ल्यापर्यंत दोघंही गप्प. कुर्ला गेल्यावर तो म्हणाला, "सरळवाला टाकायच्या आधी तू डाव्या खिशाला हात पुसतोस. मीच सांगितलं सगळ्यांना." थोड्या वेळाने म्हणाला, "आता पुसू नकोस." मी खिडकीबाहेर बघत बसलो. भांडुप गेलं. मुलुंडला दोघांनी मिळून बॅगा उतरवल्या. तो सल्ला मी पुढे वीस वर्षं पाळला, कॉलेजात, ऑफिसच्या संघात, कांगा लीगमध्ये. माझ्या नव्या सरांनी सांगितला असता तर इतका लागला नसता.

एक गोष्ट सांगायची राहिली आणि ती मला सगळ्यात जड जाते. अकरा जणांच्या संघात बाहेरचा एक आला की आतला एक बाहेर जातो. घाटकोपरच्या त्या शाळेत आधीपासून एक ऑफ स्पिनर होता. बरा टाकायचा. मी आलो आणि तो बारावा झाला. त्या मोसमात त्याने एकही सामना खेळला नाही. पाणी आणायचा, माझा स्वेटर धरायचा. रोलर ढकलत आणणाऱ्या दोघांपैकी एक तोच होता. सचिन तेंडुलकर वांद्र्याची शाळा सोडून आचरेकर सरांच्या सांगण्यावरून शारदाश्रमात गेला, शिवाजी पार्कला मावशी-काकांकडे राहिला, आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये विनोद कांबळीबरोबर त्याने ६६४ धावांची भागी केली. सगळं खरं आणि सगळं अभिमानाचं. पण अशा प्रत्येक गोष्टीत एक मुलगा तंबूत पॅड बांधून बसलेला असतो. त्याचा दाखला कुठेही जात नाही.

तरी मुलाच्या वडिलांना मी "पाठवा" असंच सांगितलं. आमच्याकडे टर्फ नाही, सामने कमी, आणि मुलगा माझ्या नजरेला सवयीचा झालाय. मला त्याचा चेंडू दिसतो. त्याची फलंदाजी मी दोन वर्षांत नीट पाहिलेलीच नाही. कुणी सांगावं, तिकडे कुणीतरी बघेल. रात्री मी त्या शाळेच्या सरांना फोन केला. म्हटलं, तो चेंडूला उंची देत नाही, पण त्याला ओरडू नका. तो घरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सराव करतो आणि तिथलं छत फार खाली आहे. म्हणून चेंडू खालून येतो, पण त्याला फिरकी भरपूर असते. उंची हळूहळू द्या, फिरकीला हात लावू नका. पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "लिहून घेतो, सर."

दाखल्यावर कारणाच्या रकान्यात कारकुनांनी काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.

या मोसमात आमची गाठ त्यांच्याशी पडणार, हे जवळपास नक्की आहे. आर्म बॉल टाकायच्या आधी तो मुलगा उजवी बाही कोपरापर्यंत ओढून घेतो. त्याला स्वतःला हे ठाऊक नाही. मी पुष्कळ विचार केला. शुक्रवारी नेट्सनंतर माझ्या फलंदाजांना थांबवून घेणार आहे आणि त्यांना ते सांगणार आहे. आमच्या कीपरलाही. तो त्याच्याच बिल्डिंगमध्ये राहतो.